मणक्यातली साधी गाठ आणि लहान छेदाचा मोह

टाके नाहीत, रक्तस्राव नाही, दुसऱ्या दिवशी घरी. मणक्याच्या शस्त्रक्रियेबद्दल हल्ली जे बोलले जाते त्याचा बहुतेक भाग एवढ्यात संपतो. पाठीचे दुखणे घेऊन कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळी-निपाणी पट्ट्यातले कुटुंब कोल्हापूर, मिरज किंवा बेळगाव गाठते, तेव्हा त्यांचाही पहिला प्रश्न असतो: दुर्बिणीतून होईल का? प्रश्न रास्त आहे. मणक्याला हात लावला की माणूस अंथरुणाला खिळतो, ही भीती पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे आणि लहान छेदाने तिच्यावर उतारा दिला, हे चांगलेच झाले. पण मणक्याच्या हाडात उद्भवणाऱ्या, कर्करोग नसलेल्या गाठींच्या बाबतीत हा प्रश्न भलत्याच ठिकाणी बोट ठेवतो.

या गाठींमध्ये त्वचेवरच्या छेदाला सर्वांत कमी महत्त्व आहे. गाठ नेमकी कोणती, ती मणक्याच्या कोणत्या भागात, मज्जारज्जूपासून किती अंतरावर, आणि तिला हात लावण्याची गरज आहे का, हे आधी ठरले तरच लहान छेदाला अर्थ येतो. ते ठरले नसेल तर लहान छेद मोठ्या छेदापेक्षा अधिक धोक्याचा, कारण उघड्या शस्त्रक्रियेत डोळ्यांना आणि बोटांना जी चूक कळते ती सुईच्या टोकाला कळत नाही.

१. गाठ साधी, जागा साधी नाही

रिपोर्टवर ‘कॅन्सर नाही’ असे वाचले की घरातले सुटकेचा श्वास सोडतात, आणि तो सोडावाच. मात्र मांडीच्या हाडातली साधी गाठ आणि मणक्यातली तीच गाठ यांचे परिणाम सारखे नसतात. मणक्याच्या शरीरामागे, म्हणजे त्याच्या पुढच्या जाड भागामागे, काही मिलिमीटरवर मज्जारज्जू असतो. दोन्ही बाजूंनी हातापायांच्या नसा बाहेर पडतात. मानेत तर मेंदूला रक्त नेणारी धमनी मणक्यांच्या छिद्रांतूनच वर चढते.

म्हणून पेशी सूक्ष्मदर्शकाखाली कशा दिसतात एवढ्यावर भागत नाही. गाठ वागते कशी, हेही पाहावे लागते. अमेरिकी अस्थिशल्यविशारद विल्यम एनेकिंग यांनी कर्करोग नसलेल्या हाडांच्या गाठींच्याही तीन पायऱ्या सांगितल्या: निपचित पडून राहिलेली, सावकाश वाढणारी आणि आसपासचे हाड पोखरत सुटलेली. पहिलीला बहुधा काहीच करावे लागत नाही. तिसरीला सुई पुरत नाही. ‘कॅन्सर नाही’ या एकाच शेऱ्याखाली या तिन्ही बसतात आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो.

२. रात्रीचे दुखणे आणि कललेली पाठ

ऑस्टिओइड ऑस्टिओमा या गाठीत हा मुद्दा सर्वांत स्वच्छ दिसतो. न्यूयॉर्कचे पॅथॉलॉजिस्ट हेन्री जॅफी यांनी १९३५ मध्ये ती वेगळी म्हणून ओळखली. तिचा गाभा सहसा दीड सेंटीमीटरहून लहान असतो. ती मुख्यतः शाळा-कॉलेजच्या वयात होते, मुलींपेक्षा मुलांमध्ये दुपटी-तिपटीने जास्त. यांपैकी साधारण १० टक्के गाठी मणक्यात सापडतात, बहुतेक मागच्या बाजूला: कमानीत, देठात किंवा दोन मणक्यांमधल्या सांध्यालगत.

दुखणे रात्री वाढते, झोपेतून उठवते आणि अ‍ॅस्पिरिनच्या जातीची गोळी घेतली की थांबते. याचे कारण माहीत आहे. गाठीचा गाभा प्रोस्टाग्लँडिन हे वेदना चेतवणारे रसायन मुबलक तयार करतो आणि या गोळ्या त्याच रसायनाला अडवतात. निदानाचा एवढा बोलका धागा वैद्यकात क्वचितच हाती लागतो. पण मेडिकलमधून आणलेल्या गोळीने रात्र निभावते आहे असे दिसले की घरात कोणी पुढे विचारत नाही. महिने जातात. पोट आणि मूत्रपिंडे गोळ्यांचा भार सोसत राहतात.

तेवढ्यात मुलाची पाठ एका बाजूला कलू लागते. गाठीच्या बाजूचे स्नायू वेदनेने आखडतात आणि कण्याला बाक येतो. गाठ बहुतेक वेळा त्या बाकाच्या आतल्या अंगाला सापडते. वाढत्या वयात विनाकारण येणारा बाक सहसा असा दुखत नाही. म्हणून रात्री दुखणारा बाक दिसला की कारण शोधलेच पाहिजे. तो ‘दप्तराच्या ओझ्याने’ किंवा ‘वाकडे बसण्याने’ आला असे म्हणून चालत नाही, चोळून तर तो मुळीच जात नाही.

इथे घड्याळही चालू असते. मेयो क्लिनिकच्या पेटिन आणि क्लासेन या शल्यविशारदांनी १९८६ मध्ये दाखवून दिले की दुखणे सुरू झाल्यापासून साधारण १५ महिन्यांच्या आत गाठ काढली तर बाक आपोआप सरळ होण्याची शक्यता चांगली असते. त्यानंतर हाडांची वाढच तिरकी होत जाते आणि गाठ गेली तरी बाक राहू शकतो. हातापायातली ही गाठ काही वर्षांनी आपणहून विझते, म्हणून तिथे गोळ्यांवर थांबता येते. वाढत्या मुलाच्या मणक्यात, बाक दिसू लागल्यावर, तशी सवड नसते.

३. महाराष्ट्र-कर्नाटकात ही गाठ का हुकते

पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकात न सापडणारी एक अडचण इथे आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. पर्सिव्हल पॉट या इंग्लिश शल्यविशारदाने १७७९ मध्ये वर्णन केलेला मणक्याचा क्षय इथे आजही नेहमीचा आहे. मुलाची पाठ दुखते आणि एमआरआयमध्ये मणका सुजलेला दिसतो, तेव्हा डॉक्टरच्या मनात टीबी आधी येणे स्वाभाविक आहे. तो यायलाच हवा.

अडचण अशी की ऑस्टिओइड ऑस्टिओमाभोवतीही हाडाला आणि मांसाला भरपूर सूज असते. एमआरआय ती सूज ठळक दाखवतो आणि तिच्या आतला वाटाण्याएवढा गाभा तिच्यात बुडून जातो. साध्या एक्स-रेमध्ये मणक्यांच्या सावल्या एकमेकांवर पडतात, त्यामुळे तिथेही तो निसटतो. तो नीट दिसतो पातळ कापांच्या सीटी स्कॅनमध्ये. कोणत्या मणक्यावर रोख धरायचा हे कळत नसेल तर बोन स्कॅन तेवढी जागा उजळून दाखवतो. म्हणजे महाग तपासणी (एमआरआय) आधी झाली, स्वस्त तपासणी (सीटी) झालीच नाही आणि उत्तर त्या दुसरीत होते, असे घडू शकते.

दोन्ही रोगांची ठेवण निराळी आहे. क्षय बहुधा शेजारच्या दोन मणक्यांची शरीरे आणि मधली गादी खातो. ही गाठ मागच्या कमानीत बसते आणि गादीला धक्का लावत नाही. हे न पाहता आणि पेशींचा नमुना न घेता औषधे सुरू झाली, तर हाडाच्या क्षयाचा कोर्स किमान वर्षभर चालतो. म्हणजे बाक सरळ होण्याच्या १५ महिन्यांतला मोठा हिस्सा चुकीच्या औषधावर जातो. सोबत दिलेल्या वेदनाशामक गोळीने रात्रीचे दुखणे थांबले तर कोर्स लागू पडतो आहे, असाही समज होऊ शकतो.

मोठ्यांमध्ये झाकणारी गोष्ट वेगळी. निपाणी भागात विडी वळणाऱ्या बायका दिवसभर मांडी घालून वाकून बसतात. तंबाखू आणि उसाच्या रानातले कामही कंबर मोडणारे. जिथे घरटी एकाची पाठ दुखते तिथे एखादे दुखणे जातीने निराळे आहे, हे ओळखणे फार कठीण होते. ‘गॅप पडलाय’, ‘नस दबलीय’ या दोन निदानांत सगळ्यांची पाठ बसवली जाते.

४. सुईने वाचते ते हाड

निदान पक्के झाल्यावर लहान छेदाची खरी थोरवी दिसते, आणि ती सौंदर्याची नाही.

उघड्या शस्त्रक्रियेत शल्यविशारदापुढची अडचण अशी होती की गाभा हाडाच्या पृष्ठभागावर दिसत नाही. वरचे हाड घट्ट, पांढरे, निरोगी वाटणारे. त्यामुळे खात्रीसाठी जास्त हाड काढावे लागे आणि तरी कधी गाभा मागे राहत असे. सांध्याचा बराच भाग गेला की मणका डळमळू नये म्हणून स्क्रू आणि सळ्या घालून दोन मणके एकमेकांना जखडायचे. बारा वर्षांच्या मुलाच्या पाठीचा एक सांधा कायमचा बंद करणे, ही सेंटीमीटरभर गाठीसाठी फार मोठी किंमत आहे.

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॅनियल रोझेनथाल आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट काढली. सीटी स्कॅनच्या मार्गदर्शनाखाली सुई थेट गाभ्यात न्यायची आणि रेडिओफ्रिक्वेन्सी लहरींनी तिचे टोक तापवून गाभा जागीच मारायचा. त्यांचा मोजक्या रुग्णांवरचा पहिला अहवाल १९९२ मध्ये आला. रूढ पद्धतीत टोकाचे तापमान सुमारे ९० अंश सेल्सियस आणि वेळ सहा मिनिटे. पुढच्या मोठ्या अनुभवात पहिल्याच प्रयत्नात आराम पडणाऱ्यांचे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास राहिले. त्यातले बहुतेक रुग्ण हातापायातल्या गाठींचे होते, हे ध्यानात ठेवायला हवे.

मणक्यात हे तंत्र नेताना सगळे कौशल्य उष्णता आवरण्यात आहे. ४५ अंशांच्या वर मज्जातंतूंना इजा होऊ लागते. गाभ्यात ९० अंश, आणि शेजारची नस ४५ च्या आत. मधले हाडाचे कवच शाबूत असेल तर ते उष्णता अडवते आणि मज्जारज्जूभोवतीचे पाणी काही उष्णता वाहून नेते. सुरुवातीला मज्जारज्जूपासून एक सेंटीमीटरपेक्षा जवळच्या गाठीला हात लावायचा नाही, असा दंडक पाळला जाई. पुढे मधल्या पोकळीत कार्बन डायऑक्साइड किंवा डेक्स्ट्रोजचे द्रावण सोडून नस दूर सारण्याच्या युक्त्या आल्या आणि तापमान मोजणारी तार नसेजवळ ठेवण्याची पद्धत रुळली. नेहमीचे सलाईन इथे टाळतात, कारण ते विजेचे वाहक आहे.

काही ठिकाणी सुईऐवजी नळीतून, सूक्ष्मदर्शकाखाली, गाभा कोरून काढतात. स्नायू कापण्याऐवजी बाजूला सारणाऱ्या या नळ्या १९९० च्या दशकात गादीच्या शस्त्रक्रियेसाठी प्रचारात आल्या आणि आता गाठींसाठीही वापरतात. गाभा नसेला चिकटलेला असेल तर उष्णतेपेक्षा ही वाट सुरक्षित, शिवाय तपासणीसाठी भरपूर पेशी मिळतात.

या सर्वांत वाचते ते हाड, वाचतो तो सांधा, आणि मुलाचे पुढचे सगळे आयुष्य वाकण्या-वळण्याची मुभा राहते. त्वचेवरचा व्रण तीन मिलिमीटरचा की तीन सेंटीमीटरचा, हा त्यापुढे किरकोळ तपशील आहे.

५. तीच वाट, दुसरी गाठ

आता गाठ बदलून पाहू.

ऑस्टिओब्लास्टोमा सूक्ष्मदर्शकाखाली वरच्या गाठीसारखाच दिसतो, पण तो दोन सेंटीमीटरहून मोठा होतो, वाढत राहतो आणि साध्या गोळीला तितकी दाद देत नाही. तो पोखरत सुटलेला असेल तर सुईने मधला भाग जाळून कडा जिवंत ठेवणे म्हणजे परतण्याचे आमंत्रण. इथे सबंध गाठ काढणारी मोठी, उघडी शस्त्रक्रियाच रुग्णाच्या हिताची. लहान छेदाचा आग्रह धरणारा रुग्ण आणि तो आग्रह मान्य करणारा डॉक्टर, दोघेही इथे चुकतात.

अ‍ॅन्युरिझमल बोन सिस्ट ही रक्ताने भरलेली गाठ. तिच्या रक्तवाहिन्या आतून बंद करत नेल्या तर पुष्कळदा चाकू लागतच नाही. मांडीतल्या धमनीतून बारीक नळी घालायची, एवढाच छेद. पण छातीच्या खालच्या भागात, बहुधा डावीकडून, मज्जारज्जूच्या खालच्या अर्ध्याला पोसणारी अ‍ॅडमकिव्हिझची धमनी निघते. ती कुठून निघते हे आधी न शोधता शेजारची वाहिनी बंद केली तर दोन्ही पाय जाऊ शकतात. सुई टोचल्याएवढा व्रण आणि आयुष्यभराचे पंगुत्व, दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला येणे अशक्य नाही.

लहान मुलांमध्ये इओसिनोफिलिक ग्रॅन्युलोमामुळे मणक्याचे शरीर चपटे होते. एक्स-रे पाहून धडकी भरते. नमुना घेऊन निदान झाले आणि नसांवर दाब नसला तर पट्टा, विश्रांती आणि नियमित तपासणी पुरते. कितीतरी मुलांत चपटा मणका वर्षांच्या ओघात पुन्हा उंची धरतो.

राहिला हिमँजिओमा, रक्तवाहिन्यांच्या जाळ्याची गाठ. शवविच्छेदनाच्या अभ्यासांत ती दहा माणसांमागे साधारण एकाच्या मणक्यात सापडली आहे. ती बहुतेकांना जन्मभर काही करत नाही. एमआरआय सर्रास होऊ लागल्यापासून ती रिपोर्टमध्ये सतत दिसते, आणि पाठ तर अर्ध्या गावाची दुखत असते. दोन्ही एका माणसात सापडले म्हणून एकामुळे दुसरे झाले असे होत नाही. फार थोड्यांत ती मज्जारज्जूवर दाब आणते, कधी गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत. तिथे तातडीने उपचार हवेत. बाकीच्यांना हवा असतो तो समजावून सांगणारा डॉक्टर.

६. सिमेंटने शिकवलेले

हिमँजिओमावरूनच लहान छेदाच्या इतिहासातले एक मोठे पान उघडते. फ्रान्समधल्या अमियाँ इथे गालिबेर आणि देरामोन या डॉक्टरांनी १९८४ मध्ये मानेच्या दुसऱ्या मणक्यातल्या अशाच गाठीत सुईने हाडाचे सिमेंट भरले. रुग्णाची वेदना गेली आणि १९८७ मध्ये हा अनुभव प्रसिद्ध झाला. व्हर्टिब्रोप्लास्टी या उपचाराचा हा जन्म.

पुढे हे तंत्र ठिसूळ हाडांमुळे दबलेल्या मणक्यांसाठी जगभर वापरले गेले. सुई, सिमेंट, दुसऱ्या दिवशी घरी. मोह पडावा असेच होते. मग २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये दोन चाचण्या एकदमच प्रसिद्ध झाल्या. त्यांत काही रुग्णांना सिमेंट भरले आणि काहींना सगळे सोपस्कार करून सिमेंट न भरताच परत पाठवले. दोन्ही गटांना आराम जवळपास सारखाच पडला. या निष्कर्षांवर वाद झाला, काही निवडक रुग्णांत उपयोग दाखवणारे अभ्यासही नंतर आले. तरीही दोन दशकांहून अधिक काळ एक उपचार केवळ सोपा आणि सुटसुटीत म्हणून किती पसरला, हे लपले नाही. उपचार जितका हलका वाटतो तितके त्याच्या गरजेबद्दलचे प्रश्न कमी विचारले जातात, आणि सिमेंट मज्जारज्जूकडे झिरपण्याचा किंवा शिरांतून फुप्फुसात जाण्याचा धोका तर खराच असतो.

७. तीन आक्षेप

पहिला आक्षेप गरिबाच्या बाजूने येतो. रोजंदारीवरच्या माणसाला महिनाभर घरी बसणे परवडत नाही. त्याला लहान छेदाचा मोह झाला तर चुकले काय? चुकले काहीच नाही. त्याचा हिशेब खरा आहे आणि जिथे सुई पुरते तिथे तिच्यावर पहिला हक्क त्याचाच आहे. पण चुकीच्या गाठीवर केलेली सुई पुन्हा करावी लागते, नंतर उघडावेही लागते आणि तेव्हा बुडणारी मजुरी कितीतरी जास्त. गरिबाला दुसरी संधी कमी मिळते, म्हणून पहिला निर्णय त्याच्यासाठी अधिक काटेकोर हवा.

दुसरा आक्षेप: इतक्या दुर्मीळ रोगासाठी खेड्यातल्या आरोग्यव्यवस्थेने का झिजावे? टीबी आहे, गादीचे आजार आहेत, अपघात आहेत. याला उत्तर असे की इथे नव्या यंत्राची मागणीच नाही. वीस वर्षांखालच्या मुलाची पाठ रात्री दुखते, कलते आणि गोळीने थांबते, एवढी खूण प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने ओळखावी आणि दोन-तीन मणक्यांपुरता सीटी सुचवावा. हीच सावधगिरी टीबी लवकर पकडते आणि मुलांमधला खरा कर्करोगही. डॉ. शेखर भोजराज यांच्या स्पाइन फाउंडेशनने गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या साथीने मणक्याचे तज्ज्ञ खेड्यापर्यंत नेले. ते तिथे जमते तर महामार्गावरच्या निपाणी तालुक्यात न जमण्याचे कारण नाही.

तिसरा आक्षेप शल्यविशारदांचा. सुईत पेशी कमी मिळतात, निदान अर्धवट राहते, मग उघडूनच का पाहू नये? हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि अंशतः मान्य करावाच लागतो. चित्र संशयास्पद असेल तर नमुना आधी, उपचार नंतर. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये हाडांच्या गाठींसाठी शल्यविशारद, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून निर्णय घेतात, तो याचसाठी. मात्र सीटीत गाभा लख्ख दिसतो आहे, वय, वेदना आणि जागा जुळते आहे, अशा मुलाचा सांधा केवळ खात्रीसाठी काढणे समर्थनीय नाही.

८. नाक्याच्या दोन्ही बाजूंना

कोगनोळी कर्नाटकातले शेवटच्या टोकाचे गाव. पलीकडे कागल आणि कोल्हापूर, जवळचे. जिल्ह्याचे ठिकाण बेळगाव मात्र कितीतरी लांब. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय उभारले तेव्हापासून या भागातला रुग्ण उत्तरेकडे जात आला आहे. राज्यांची सीमा नंतर आली. २०२१ मध्ये कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांसाठी कोरोना चाचणीचा दाखला सक्तीचा केला, तेव्हा कोगनोळीच्याच सीमा नाक्यावर गाड्या अडल्या. २०२३ मध्ये महाराष्ट्राने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना कर्नाटकातल्या, पण महाराष्ट्र आपली म्हणतो अशा सीमाभागातल्या ८६५ गावांना देण्याचे ठरवले आणि कर्नाटक सरकारने हरकत घेतली. पैसा कोणत्या योजनेतून मिळणार आणि कोणत्या रुग्णालयात, यावर रुग्णाची दिशा ठरू लागते.

सीमावाद सुटेल तेव्हा सुटेल. या गाठींच्या उपचारात मात्र सर्वांत जास्त नुकसान होते ते कागद तुटल्याने. गाठ वाढते आहे की निपचित आहे, हे जुन्या आणि नव्या स्कॅनची तुलना केल्याशिवाय कळत नाही. बेळगावला काढलेला सीटी कोल्हापुरात उघडत नाही म्हणून मुलाला पुन्हा स्कॅन करायला लावणे, म्हणजे वाढत्या शरीरावर किरणांचा दुसरा मारा. दोन्ही बाजूंच्या डॉक्टरांनी स्कॅनची मूळ डिजिटल प्रत रुग्णाच्या हाती द्यावी आणि चिठ्ठीवर चार ओळी स्पष्ट लिहाव्यात: दुखणे कधी सुरू झाले, रात्री वाढते का, कोणत्या गोळीने थांबते, पाठ कोणत्या बाजूला कलते. एवढ्याने पुढच्या डॉक्टरचे कितीतरी आठवडे वाचतात.

सुई लावून मूल घरी आल्यावरही काम संपत नाही. दुखणे साधारण काही दिवसांत जाते. पुन्हा रात्री दुखू लागले तर गाभा शिल्लक असल्याचा संशय घ्यायचा आणि सीटी पुन्हा करायचा. बाक किती सरळ होतो हे पाहण्यासाठी उभ्याने काढलेला पाठीचा एक्स-रे ठरावीक अंतराने लागतो, मुलाची वाढ पूर्ण होईपर्यंत. हे एक्स-रे निपाणीतच निघू शकतात. ज्या रुग्णालयाने सुई लावली त्याने ते मोबाइलवर मागवून पाहिले आणि वेळेत उत्तर दिले, तर मुलाची शाळा आणि आईबापांचा रोजगार, दोन्ही बुडत नाहीत.